आईचं ‘मग?’

उत्रोलीच्या बाजूनं वारं सुटलं की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिकल्या भाताचा वास आत येतो. ज्यांना हा वास फक्त कुकरचं झाकण उघडल्यावर भेटतो त्यांना कसं सांगावं, उभ्या पिकाचा वास वेगळा असतो. त्यात ऊन असतं, बांधावरचं गवत असतं, खाचरात मुरलेल्या पाण्याचा किंचित कुबटपणाही असतो. कोजागरी झाली आणि काल संध्याकाळी तो आला. सुमननं, माझ्या बायकोनं, खिडकी लावून घेतली. मी उठून उघडली. थोड्या वेळानं मीच लावली.

“एकदा काय ते ठरवा,” ती म्हणाली. “खिडकीनं काय घोडं मारलंय तुमचं?”

मला ठरवता येत नाही. सुगीच्या या दिवसांत माझा पाय घरात ठरत नाही, आणि बाहेर पडलो तर भोरच्या बाजारपेठेतून नदीच्या पुलापर्यंत जाऊन उगाच परत येतो. कापायला माझं रान नाही, झोडायला भात नाही, नोकरीही संपली. तरी अंगात काहीतरी चुळबुळत राहतं. हे मला गेल्या वर्षी जडलं, आणि ते आईकडून आलं.

आई आमच्याकडे राहायला आली तेव्हाच तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी भांड्यांच्या जागा विसरली, मग माणसांची नावं, मग आपण जेवलो की नाही हे. गेल्या सुगीपर्यंत अशी अवस्था आली की चहाचा कप हातात देऊन पाठ वळवली, की तो कुणी दिला ते तिला ठाऊक नसायचं. डॉक्टर म्हणाले, वयोमान आहे, गोळ्या देऊ, पण फार आशा धरू नका. आम्ही गोळ्या दिल्या आणि आशाही थोडी धरलीच. दिवसभर ती बरी असायची. हाताला येईल त्या कपड्याच्या घड्या घालत बसायची. पण उन्हं कलली, खिडकीतून तो वास आला, की उठायची. पदर कमरेला खोचायची, डोक्याला फडकं गुंडाळायची आणि दाराशी जाऊन कडी हलवायला लागायची.

“आई, कुठं निघालीस?”

“सखूच्यात. विळा कुटं ठेवलास माजा? वारंगुळा हाय आरं. एक दीस राह्यलाय माजा तिच्यात.”

वेल्ह्याकडच्या आमच्या गावात भात कापायला माणसं पैसे देऊन बोलवायची रीत नव्हती. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. दिवसाला दिवस. याला म्हणायचं वारंगुळा. हा दिवस कुणी लिहून ठेवत नसे आणि कुणी विसरतही नसे. सखू ही आईची मैत्रीण, शेजारच्या बांधावरची. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या आणि जन्मभर एकमेकींच्या रानात राबल्या. आई भोरला आली त्या वर्षी सखू आमच्यात एक दिवस राबून गेली आणि आईचा दिवस फेडायचा राहिला, असं आईचं म्हणणं. खरंखोटं कोण सांगणार? सखू मधल्या काळात वारली होती. आमचं रानही आम्ही विकून टाकलं होतं. तिथं आता पुण्याच्या कुणाचं तरी फार्महाऊस आहे, भोवती तारेचं कुंपण आणि गेटवर कुत्रा.

हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. सखू गेली म्हटल्यावर ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी विसरली आणि पुन्हा कडी. मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली, नव्यानं कळल्यासारखी. त्यानंतर मी सांगायचं सोडून दिलं. एकाच माणसाचं मरण तिला रोज रोज ऐकवायला माझी जीभ रेटेना.

आणि त्याच दिवसांत मी काय करत होतो? तर अलक लिहायला शिकत होतो. हसायचं असेल तर हसा, सुमनही हसली होती.

तहसील कचेरीत माझी उभी हयात अर्ज, जबाब आणि पंचनामे लिहिण्यात गेली. माझ्या पंचनाम्यात फट सापडायची नाही. पडलेल्या भिंतीचा पंचनामा असेल तर भिंतीला टेकून ठेवलेल्या केरसुणीचीही त्यात नोंद असे. निवृत्त झालो आणि घरात बसून सुमनच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा पुण्याला असणाऱ्या मुलीनं माझं नाव मोबाईलवरच्या एका वर्गात घातलं. अलक म्हणजे अति लघुकथा. शंभर शब्दांच्या आत अख्खी गोष्ट. शिकवणारी ऋता माझ्या मुलीहूनही लहान. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका.

माझी पहिली गोष्ट मला अजून पाठ आहे. “मौजे अमुक येथील रहिवासी एक वयोवृद्ध इसम सायंकाळच्या सुमारास आपल्या राहत्या घराच्या पूर्वेकडील ओट्यावर बसला असता...” शंभर शब्द संपले तरी म्हातारा ओट्यावरून उठला नव्हता. ऋतानं आवाजी निरोप पाठवला. हसू दाबल्याचं ऐकू येत होतं.

“काका, ओटा पूर्वेकडे आहे हे मला कशाला सांगताय? मी काय जमीन मोजायला येणार आहे?”

मला राग आला. ओटा पूर्वेकडे नसेल तर संध्याकाळी म्हाताऱ्याच्या अंगावर सावली कशी येईल, हे तिला विचारावंसं वाटलं. दोन दिवस मोबाईलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ओटा काढून टाकला. मग इसम काढला. गोष्टीत काहीच उरलं नाही, तेव्हा कुठे मला कळलं की तिच्यात आधीही काही नव्हतं.

ऋता फार बोलायची नाही. पात्रांची गर्दी नको म्हणायची. विशेषण पुसून बघा, वाक्य तरीही उभं राहतंय का. गोष्ट पार शेवटाजवळ सुरू करा. आणि एक गोष्ट ती प्रत्येक वर्गात सांगायची. गोष्ट संपली की वाचकाच्या मनात ‘मग?’ उरलं पाहिजे. उत्तर देऊ नका. त्याला तळमळू द्या.

तळमळू द्या, हे मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती. शेजारच्या खोलीत आई कडी हलवत होती.

एका संध्याकाळी तिला दारापासून आणायला काही सुचेना म्हणून मी म्हणालो, “आई, बस, तुला गोष्ट सांगतो.” ती चक्क बसली. लहानपणी तिनंच मला सांगितलेली सात राण्यांची गोष्ट मी सुरू केली. तिसऱ्या राणीपर्यंत पोचलो तोच ती घाबरून इकडं तिकडं बघायला लागली. “ह्या कोन बाया घरात आल्यात? जेवायला हायेत का?” पहिली राणी तिच्या मनातून कधीच पुसली गेली होती आणि उरलेल्या तिला ओळखीच्या वाटत नव्हत्या. तिच्या ध्यानात एका वेळी मावायचं ते जेमतेम ओंजळभर. मग माझ्या ध्यानात आलं, ओंजळभर गोष्टी तर मी रोज लिहितोय. दुपारीच वर्गासाठी लिहिलेली वाचून दाखवली.

“एक बाई होती. तिच्या कोंबडीनं शेजारणीच्या घरात अंडं घातलं. शेजारणीनं अंडं आणून दिलं. बाईनं तिला कोंबडीच देऊन टाकली.”

आई ऐकत होती. हात मांडीवर शांत होते.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय. संपली.”

“आशी कशी संपली? कोंबडी सांच्याला माघारी येती आरं. तिला काय ठावं दिल्याली हाय ती.”

मला हसू आलं. ती पण हसली, कशाला ते विसरून. आणि त्या संध्याकाळी दाराकडं गेली नाही.

मग हा रोजचाच नेम झाला. दिवसभर मी गोष्ट घासत बसायचो, संध्याकाळी आईला ऐकवायचो आणि नंतर वर्गात पाठवायचो. गोष्टीत नाव घातलं की ती त्या नावाचं माणूस दारात शोधायची, म्हणून नावं गेली. दोनापेक्षा जास्त माणसं आली की ती गोंधळायची, म्हणून माणसं गेली. गोष्टीचा आरंभ तिच्या हातून सुटायच्या आत शेवट यावा लागे, म्हणून वाक्यं छाटून छाटून पार हाडावर आणली. ऋता खूश होती. “काका, काय घट्ट लिहायला लागलात! सध्या काय वाचताय?” आईची गोष्ट त्या वर्गात न्यायला मन धजेना.

पण एक पीडा होती. कितीही काटेकोर गोष्ट सांगा, आई शेवटी विचारायचीच, “मग?” गोष्टीतल्या बाईला हरवलेली नथ सापडली, तरी मग? म्हाताऱ्याचा लेक परत आला, तरी मग? कधी कधी तिच्या मनात तो प्रश्न रुतून बसायचा आणि ती उठून पुन्हा येरझाऱ्या घालायची. “मंग काय झालं त्या बाईचं? न्हाई, काय झालं सांग की.” वर्गात मी शिकत होतो ‘मग?’ उरवायला, आणि घरात मला हवा होता ‘मग?’ मिटवणारा शेवट. एकच गोष्ट दोन्हीकडं कशी चालावी? मी चिडचिडा झालो. जेवताना सुद्धा डोक्यात शेवट फिरवत असायचो.

आणि एकदा मोह आवरला नाही. मी लिहिलं: “एक बाई रोज संध्याकाळी कामाला निघते. मुलगा दाराला कडी घालतो. बाई कडीशी झटते. तो लहान असताना तिनंच त्याला कडी काढायला शिकवलं होतं.”

ही मात्र मी आईला ऐकवली नाही. थेट वर्गात पाठवली. मोबाईल टिंगटिंग वाजायला लागला. लाल बदाम, टाळ्या, रडके चेहरे. कुणी लिहिलं, अस्वस्थ केलंत काका. ऋतानं लिहिलं, ही तुमची पहिली खरी गोष्ट. मी खुर्चीत बसून ते वाचत होतो, सुखावत होतो, आणि दाराची खरीखुरी कडी खडखडत होती. वाचणारे अस्वस्थ झाले होते म्हणजे काय, तर त्यांनी एक बदाम टाकला, चहा घेतला आणि पुढची गोष्ट उघडली. आईची अस्वस्थता अशी मिटणारी नव्हती. मला ते बदाम एकदम नकोसे झाले. मोबाईल उशीखाली सारून मी दाराशी गेलो.

सुमन तिथंच उभी होती. दिवसभर आईचं सगळं तीच करायची, मी फक्त संध्याकाळचा धनी. ती म्हणाली, “गोष्टी पुरे झाल्या. एकदा घेऊन जा त्यांना रानात. एवढं म्हणतायत तर.”

सखूचं रान आता तिची सून मंगल करते. मी तिला फोन केला. म्हणालो, “आईला घेऊन येतोय. नुसता विळा हातात दे, चार मुठी कापू दे, तिचं समाधान होईल. नाटक समज.”

“आना की,” मंगल म्हणाली. “नाटक कशापायी?”

शेजाऱ्यांची गाडी घेऊन आम्ही सकाळीच निघालो. नसरापूर मागे पडलं, वेल्ह्याचा रस्ता लागला, तसं दोन्ही बाजूंना भात पिवळं होऊन लवलेलं. तोरणा धुक्यात अर्धामुर्धा दिसत होता. आई काचेला नाक लावून बसली होती आणि काहीच विचारत नव्हती. रानाशी पोचलो तर बायका ओळीनं कापत होत्या. घरात उंबरा ओलांडायला माझा हात धरणारी आई बांधावरून कुणाच्या आधाराशिवाय खाली उतरली. मंगलनं विळा दिला. आईनं डाव्या हातात मूठ धरली, विळा स्वतःकडं ओढला. करकर आवाज झाला आणि मूठ तिनं मागं ठेवली, बघायची सुद्धा गरज नसल्यासारखी.

मला वाटलं होतं, चार मुठी. तिनं न्याहारीपर्यंत कापलं. दमली की बांधावर टेकायची, उठून पुन्हा ओळीत शिरायची. तिच्या मागं धसकटं उंच राहत होती, मंगल बोलता बोलता ती पुन्हा कापून घ्यायची, आईला न कळेलसं. दुपारी बायकांबरोबर भाकरी आणि खरडा खाल्ला. आकाशात परतीच्या पावसाचे ढग जमायला लागले, तसा मी आईला उठवायला गेलो. मंगलनं मला अडवलं.

“ऱ्हाऊ द्या दादा. सूर्य मावळल्याबगर दीस भरत न्हाई.”

दीस भरला. आईनं विळ्याचं पातं पदराला पुसलं, विळा मंगलच्या हातात दिला आणि तिच्याकडं निरखून बघत म्हणाली, “सखू, फिटलं न्हवं?”

मंगलनं विळा घेतला. मग म्हणाली, “फिटलं, आत्याबाई.”

परतताना मी फार खुशीत होतो. वाटलं, शेवट मिळाला. कागदावर नाही जमला तो रानात जमला. मी गाडी चालवता चालवताच सांगायला लागलो, “आई, एक बाई होती. तिचा एक दिवस राहिला होता. ती गेली आणि भात कापून आली.”

आईनं हाताचा वास घेतला. म्हणाली, “मग?”

आणि नसरापूर यायच्या आत, “बाळू, विळा घेतलास का? सखूच्यात जायाचंय.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. हसावं की रडावं कळेना म्हणून दोन्ही झालं. ती सुगी संपेपर्यंत कडी वाजतच राहिली, आणि मी गोष्टी सांगतच राहिलो.

यंदा कडी वाजत नाही. पावसाळ्यात आई जी अंथरुणाला खिळली ती उठली नाही. बोलणं जवळपास थांबलंय. काल तो वास आला तेव्हा मी तिच्या हातांकडं बघत होतो. पदर खोचायला एक बोटही हललं नाही. सुमननं खिडकी लावली ती म्हणूनच, आणि मी उघडली तीही म्हणूनच. संध्याकाळी मी अजून एक गोष्ट सांगतो. आता चार वाक्यंही जास्त होतात. पण गोष्ट संपली की तिचे ओठ हलतात. “मग?” हवेतून यावा इतका हलका आवाज. तिच्याजवळ उरलेला तो एवढाच शब्द आहे, असं मला कधी कधी वाटतं.

आज सकाळी बेल वाजली. दारात मंगल. डोक्याला फडकं, हातात पिशवी. पहिल्या एसटीनं आलेली.

“वारंगुळा फेडाया आले,” ती म्हणाली.

मला आधी कळेचना. “अगं, आमचं रान कुठं आहे आता?”

“त्ये ठावं हाय मला. रान न्हाई म्हनून दीस बुडवायचा व्हय?”

“पण तो दिवस तर आईच फेडून गेली होती. सखूमावशीचा.”

“सासूबाईंनी मला आसलं काय सांगितल्यालं न्हाई,” मंगल चपला काढत म्हणाली. “म्या डोळ्यानं बगितलं ते एवडंच, आत्याबाई माज्या रानात दीसभर राबल्या. तुमी नाटक म्हनलात दादा. त्यांनी काय नाटक केलं न्हाई.”

तिचं भात उभं होतं, आभाळ भरून येत होतं. मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, “बाया लावून आलेय. एक दीस दम धरंल त्ये.” आणि पदर खोचून आईच्या खोलीत गेली.

तिनं सुमनला घराबाहेर काढलं. अक्षरशः. “वैनी, आज तुमी हितं दिसायचं न्हाई.” सुमन किकवीला बहिणीकडं गेली, कितीतरी महिन्यांनी. मंगलनं आईचं अंग पुसलं, डोक्याला तेल लावलं, गुंता सोडवून घट्ट अंबाडा बांधला, अंथरूण उन्हात घातलं. हात चालत होते तसं तोंडही. गावात कुणाला लेक झाली, कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या बांधावरून भांडण लागलं. आई ऐकत होती की नव्हती, माहीत नाही. मला काही कामच नव्हतं. मी उत्रोलीच्या रस्त्यानं खाचरांपर्यंत चालत गेलो, कापणाऱ्या बायका बघितल्या, परत आलो. पुन्हा गेलो. “दादा, जरा बुड टेका की,” मंगल ओरडली. मला टेकता येत नव्हतं.

सुमन आली तेव्हा तिच्या डोळ्यांखालचं काळं जरासं उजळलेलं मला दिसलं. तिनं मंगलची ओटी भरायला घेतली. मंगलनं कुंकू लावून घेतलं आणि खण परत ठेवला. “ह्ये घेतलं तर दिसाला दीस कसा व्हईल, वैनी?” आणि तरी ती थांबली. खिडकीतून ऊन पूर्ण जाईपर्यंत आईच्या पायाशी बसली आणि मगच एसटी स्टँडकडं गेली.

मी आईजवळ बसलो. अंबाड्यामुळं ती जुन्यासारखी दिसत होती. खिडकी उघडी होती आणि वारं उत्रोलीकडचंच होतं. आईनं डोळे उघडले.

“कोन व्हती?”

कितीतरी दिवसांनी तिनं ‘मग?’ सोडून दुसरं काही विचारलं होतं. मी सावकाश सांगितलं, “एक बाई आली होती, आई. दिवस फेडून गेली.”

एवढीच गोष्ट. याहून लहान मी आजवर लिहिलेली नाही. आईनं ती ऐकली. खिडकीकडं मान वळवली, एक लांब श्वास घेतला, आणि हात छातीवर ठेवून डोळे मिटले. तिचे ओठ हलले नाहीत. मी थांबलो. बाहेर कुणाचा तरी भाताचा टेम्पो गेला, त्याचा आवाज पुलापर्यंत ऐकू आला. श्वास संथ चालला होता. आई विचारत नव्हती.

अख्खं वर्ष मी याच शेवटाच्या मागं होतो. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझाच जीव वरखाली व्हायला लागला. मी तिच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, “आई, विचार की.”